शेजार मोडतो तेव्हा

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरेगन नावाचे राज्य आहे. तिथे कॉर्व्हॅलिस आणि युजीन ही दोन गावे आहेत. मोटारीने तासाभराची वाट. एका गावात ओरेगन स्टेट विद्यापीठ, दुसऱ्यात ओरेगन विद्यापीठ. या दोघांचा फुटबॉलचा सामना १८९४ पासून चालत आलेला. घरात सासरा एका विद्यापीठाचा आणि सून दुसऱ्याची असली, तर सामन्याच्या दिवशी त्या घरात काय होत असेल याची कल्पना तुम्हीच करा!

फुटबॉल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे मुंबईचे कूपरेज मैदान आले असेल. पण हा खेळ तो नव्हे. इथे चेंडू लंबगोल, डोक्याला शिरस्त्राण, आणि चेंडू काखेत मारून पळणाऱ्याला अंगावर झेप घेऊन पाडायचे. काही विद्यापीठांच्या मैदानांवर तर लाख-लाख माणूस जमते.

ही विद्यापीठे गटागटाने खेळतात. अशा गटाला तिकडे कॉन्फरन्स म्हणतात. यात सभा-भाषणांचा काही संबंध नाही. आसपासच्या विद्यापीठांनी एकत्र येऊन नियम ठरवायचे, आपसात सामने खेळायचे आणि मिळकत वाटून घ्यायची, एवढाच अर्थ. ‘बिग टेन’ ही कॉन्फरन्स १८९६ साली सात विद्यापीठांनी काढली. पश्चिम किनाऱ्यावरची, पुढे ‘पॅक-ट्वेल्व्ह’ म्हणून ओळखली गेलेली कॉन्फरन्स १९१५ ची. प्रवास आगगाडीचा होता, तेव्हा शेजार हाच सोयरिकीचा पाया होता.

मग हा पाया हलला कशाने? दूरचित्रवाणीने. पूर्वी कोणता सामना पडद्यावर दाखवायचा हे सर्व विद्यापीठांची मध्यवर्ती संस्था ठरवी. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तिचा हा मक्ता मोडला. विद्यापीठे आणि त्यांच्या कॉन्फरन्सा आपापला माल आपण विकू लागल्या. आणि एकदा माल विकायचा म्हटले, की शेजाऱ्यापेक्षा गिऱ्हाईक जवळचे वाटू लागते. २०२२ साली बिग टेनने सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरांहून अधिक रकमेचा करार केला, तो याच बाजारात.

त्याच वर्षीच्या जूनअखेर लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी पॅक-ट्वेल्व्ह सोडून बिग टेनमध्ये जायचे ठरवले. पुढच्या जुलैत कोलोरॅडो निघाले. ४ ऑगस्ट २०२३ या एकाच दिवशी आणखी पाचजण गेले. त्यांत युजीनचे ओरेगनही होते. सप्टेंबर उजाडताच स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये दाखल झाली. पॅसिफिकच्या काठी राहायचे आणि आडनाव अटलांटिकचे लावायचे! बिग टेनमध्ये तर आता अठराजण आहेत. नाव मात्र अजून ‘टेन’च.

बारांपैकी दहा गेले. उरली ती ओरेगन स्टेट आणि पुलमन गावचे वॉशिंग्टन स्टेट. आता तुम्ही म्हणाल, हे दोघे खेळात कच्चे असतील. तसे म्हणावे, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये ओरेगन स्टेटने याच ओरेगनला ३८-३४ असे हरवले होते. त्यांनी आपल्या मैदानाचे नूतनीकरण केले. सुमारे सोळा कोटी डॉलर लागले, आणि काम पुरे झाले नेमके २०२३ साली. खेळात हरले असते तर पुढल्या वर्षी उट्टे काढता आले असते. इथे उणे ठरले ते गाव. गाव लहान, म्हणून त्याच्या मागे पडद्यापुढे बसणारी माणसे थोडी.

गेलेल्यांनाही सरसकट दोष देता येत नाही. विद्यापीठातले पोहणारे, धावणारे, व्हॉलीबॉल खेळणारे बहुधा फुटबॉलच्याच मिळकतीवर पोसले जातात. शिवाय २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, तेव्हा खर्च वाढलाच आहे. आणि फेरवाटणीत कधी जुने नाते जुळतेही. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम यांचा २०११ नंतर तुटलेला सामना, दोघे एकाच कॉन्फरन्समध्ये आल्यामुळे २०२४ साली पुन्हा झाला.

पण किंमत कोण मोजतो तेही पाहा. फुटबॉलचा सामना आठवड्यातून एक. व्हॉलीबॉलच्या मुलींना मात्र लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीपर्यंत, जवळजवळ चार हजार किलोमीटर, उडत जायचे आणि परत येऊन वर्गात बसायचे. ज्या खेळांच्या पोटासाठी हे स्थलांतर झाले म्हणतात, त्यांच्याच पाठीवर ओझे पडले. आपल्याकडल्या कितीतरी घरांतली मुले आज या विद्यापीठांत शिकत आहेत. त्यांना विचारलेत, तर विद्यापीठाच्या जीवनात या सामन्यांना किती मान असतो ते ती सांगतील.

पुढे काय? दोन बड्या कॉन्फरन्सा मिळून उद्या आपली वेगळीच चूल मांडतील, अशी शक्यता बोलली जाते. मला वाटते, फुटबॉलला हवे तर देशभर हिंडू द्यावे. बाकीच्या खेळांना मात्र पुन्हा शेजाराशी बांधावे. तसे करायला कोणताही करार आड येऊ नये, एवढी अक्कल करार करणाऱ्यांना हवी.

मागे राहिलेल्या दोघांनी हाय खाल्ली नाही. ते न्यायालयात गेले, कॉन्फरन्सचा कारभार हाती घेतला आणि बॉयसी स्टेटसारखे नवे सोबती जोडून २०२६ पासून नवा डाव मांडायचे ठरवले. ओरेगनशी त्यांचा सामना २०२४ साली झालाही, पण नोव्हेंबरातून उचलून सप्टेंबरात टाकलेला. दिवाळीचा सण श्रावणात साजरा करायला सांगितला तर तुम्हांला कसे वाटेल? फराळ तोच, दिवेही तेच. पण ती दिवाळी वाटणार नाही.