सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

गावोगावाहून आलेल्या मायबहिणींनो आणि त्यांना घेऊन आलेल्या भावांनो,

उन्हाळ कांद्याची लागवड चालू असताना दोन दिवस घर सोडून निघणं काय असतं, हे माझ्यासारख्या कांदा पिकवणारीला कुणी सांगायला नको.

चांदवडला येणारा पाहुणा आधी रेणुकामातेचं दर्शन घेतो, मग अहिल्यादेवी होळकरांचा रंगमहाल पाहतो. वेळ काढून तुम्हीही जाऊन या. पण आपण संमेलनासाठी हे गाव निवडलं ते 1986 च्या नोव्हेंबरमुळे. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन इथेच भरलं होतं. शेतात राबणाऱ्या हजारो बाया जमल्या आणि पंचायतीच्या निवडणुका बायांनीच लढवायच्या असं ठरवून उठल्या. पंचायतीत बायांना राखीव जागा देणारी 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली ती 1993 साली. दिल्लीला सुचायच्या आधी चांदवडला सुचलं होतं, एवढी फुशारकी आज मला मारू द्या.

त्याच चळवळीतून पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ आली. नवऱ्याने आपखुशीने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. कुठल्याही कायद्याची सक्ती नव्हती, तरी कितीतरी गावांत शेतकऱ्यांनी तो केला. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचं हे काम मोठं. आणि 2010 मध्ये महिला आरक्षणाच्या विधेयकाविरुद्ध राज्यसभेत एकमेव मत पडलं तेही त्यांचंच! त्यांचा आक्षेप आरक्षणाच्या पद्धतीवर होता. मला तो पटला नाही, पण आपल्या माणसाशीही भांडता आलं पाहिजे. ते आरक्षण 2023 मध्ये घटनेत आलं खरं, पण जनगणनेच्या आणि मतदारसंघांच्या फेररचनेच्या दाव्याला बांधून.

विधानसभेतल्या आरक्षणाचं व्हायचं तेव्हा होईल. आपलं भांडण तलाठ्याच्या दप्तराशी आहे. घटनेच्या कलम 14 आणि 15 ने समता 1950 सालीच दिली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क द्यायला महाराष्ट्राला 1994 उजाडलं, तेही आधीच लग्न झालेल्या लेकींना वगळून. 2005 मध्ये देशभर कायदा बदलला, आणि तो बदल लागू झाला त्या दिवशी वडील हयात नसले तरी हक्क उरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं.

एवढं सगळं मिळवून आपण करतो काय? भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो, आपण सही करतो. चोळी-बांगडी चालू राहावी, माहेर तुटू नये म्हणून. या सहीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. सासरी मार पडला तर जायचं कुठे, याचा हिशेब बाईने केलेला असतो. म्हणून नुसतं कायदा समजावून हे काम होत नाही. चार घरच्या लेकींनी मिळून नकार दिला, तर एकटीवर रोष येत नाही. अशा गटांनी आपापल्या गावात काय केलं, ते दुपारच्या सत्रात ऐकायचं आहे.

मंडपाच्या डाव्या हाताला टेबल मांडलंय. वारसनोंदीचे आणि घरावर दोघांचं नाव लावण्याचे अर्ज तिथे भरून मिळतील. सातबारा आणला नसेल तर गट नंबर सांगा, मुली ऑनलाइन काढून देतील. जेवण एक वाजता. पंगतीत वाढायला आमच्या गावचे बाप्ये आहेत, त्यांना सवय नाही, जरा सांभाळून घ्या.