उसन्या ताकदीचा सौदा
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी रांगोळी आणि चहापाणी पाहते. बोलायला उभी राहण्याची ही पहिलीच खेप. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा काही चुकलेमाकले तर पोटात घाला. ‘मनाचा संयम’ या विषयावर बोला, असे मला सांगण्यात आले. त्या विषयावर एखादे कीर्तनकार माझ्यापेक्षा शंभर पटीने बरे बोलतील, आणि नर्सी काही आपल्यापासून लांब नाही. मी आपली माझ्या घरात घडले तेवढेच सांगणार आहे. त्यात तुमच्यापैकी अकरा जणींचे पैसेही होते, म्हणून सांगणे भागच आहे.

२०२५ च्या श्रावणात आपल्या भिशीची उचल माझी होती. बारा जणी, प्रत्येकीचे २,००० रुपये, मिळून २४,०००. पडवीचे पत्रे बदलायचे आहेत, असे मी सर्वांना सांगितले. पडवी तुम्ही पाहता आहातच. पत्रे जुनेच आहेत. ते पैसे मी आमच्या धाकट्याच्या हाती दिले, आणि ते मोबाइलवरच्या बिटकॉइनसारख्या नाण्यांच्या सौद्यात गेले. त्याने ८,००० रुपयांचे अकरा दिवसांत ३१,००० करून दाखवले होते. त्या दिवशी मी शिरा केला होता. हे कसे झाले, हे मात्र विचारले नाही.

नंतर विचारले, तेव्हा समजले ते असे. आपल्याजवळ ५,००० असले तर तिथे दहापट, वीसपट मोठा सौदा करता येतो. वीसपट म्हणजे १ लाखाचा. भाव शंभराला पाच वाढला तर ५,००० चे १०,००० होतात. पण भाव शंभराला पाच उतरला की आपले ५,००० संपले, आणि तिथले यंत्र आपल्याला न विचारता सौदा मोडून टाकते. खरे तर पाच पूर्ण उतरण्याच्या थोडे आधीच मोडते.

आपल्या हळदीचे पाहा. क्विंटलला १२,००० चा भाव धरला तर शंभराला पाच म्हणजे ६०० रुपये. एवढा चढउतार मोंढ्यात आपण कितीदा पाहिला आहे! बिटात भाव पडला तर माणसे पोती परत घरी आणतात. कांडी शिजवलेली आहे, वाळवलेली आहे, ती महिनाभर थांबते. भाव आला की विकतो. या सौद्यात संध्याकाळी भाव पुन्हा वर आला तरी आपल्याला त्याचा उपयोग नाही, कारण सकाळीच आपल्याला बाहेर काढलेले असते. हा फरक मला समजायला फार उशीर झाला.

सप्टेंबरात मराठवाड्यावर पाऊस कोसळला. आमचे सोयाबीन पाण्यात उभे राहून कुजले. धाकटा म्हणाला, “आई, सोयाबीनचे इथून काढतो.” त्याचे ३१,००० आणि माझे २४,००० असा ५५,००० चा सगळा सौदा त्याने दहापटीने केला. १० ऑक्टोबरला अमेरिकेच्या अध्यक्षांनी चीनच्या मालावर आणखी १०० टक्के जकात लावण्याची घोषणा केली, आणि आपल्याकडे पहाट होईपर्यंत सगळ्या नाण्यांचे भाव कोसळले. जगभरात एका दिवसात १,९०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचे असे सौदे मोडले गेले आणि १६ लाखांवर लोकांची खाती त्यात सापडली, असे तेव्हा छापून आले. त्यांत आमचे एक. सकाळी मी सडा घालत होते, तेव्हा तो ओट्यावर बसला होता. भाव तोपर्यंत बराच वर आला होता, पण आमचे खाते रिकामे होते.

मला वाटले, आता संपले. पण खरा घात पुढे झाला. हरभऱ्याच्या बियाण्यासाठी आणि खतासाठी ठेवलेले १८,००० त्याने चार दिवसांत घालवले. ते लोभाने नव्हे, रागाने. जणू कोणीतरी त्याचे हिसकावून नेले होते आणि त्याच्याकडूनच ते परत घ्यायचे होते. ताट वाढले तरी नजर मोबाइलवर. पाडव्याला मी ह्यांना सर्व सांगितले. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आणि ते योग्यच होते.

मग मी काय केले? किराण्याची वही घेतली आणि त्याला म्हटले, “आजपर्यंतचा एक-एक सौदा मला सांग, मी लिहिते.” ४३ सौदे निघाले. तोट्याचे बहुतेक रात्री दहानंतरचे, किंवा आधी तोटा होताच तासाभरात केलेले. नफा होता तिथे त्याने चटकन हात आखडला होता, आणि तोटा होता तिथे ‘सुटेल, सुटेल’ म्हणत धरून बसला होता. लेकीने सांगितले की काहनेमन आणि ट्वर्स्की या दोन पंडितांनी १९७९ सालीच हे मांडले आहे: मिळालेल्या रुपयाच्या आनंदापेक्षा गेलेल्या रुपयाचे दुःख मोठे असते, आणि ते टाळण्यासाठी माणूस अधिकच धाडस करतो. हे ऐकून मला माझीच हळद आठवली. भाव चढताना मी घाईने विकली होती, पडताना हट्टाने ठेवली होती. तेव्हा लेकराला एकट्याला काय बोलावे?

धाकटा म्हणतो, “मन ताब्यात ठेवले तर यात मिळते.” त्याचे म्हणणे मी निम्मेच मानते. वही लिहिल्याने तो शांत झाला, हे खरे. पण वीसपटीच्या सौद्यात मनाला ताब्यात यायला वेळच कुठे मिळतो? आणि ५०,००० चे २५,००० झाले की पुन्हा ५०,००० व्हायला शंभराला शंभर मिळवावे लागतात. सेबी या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये शेअर बाजारातल्या अशाच वायद्याच्या सौद्यांचा तीन वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यात शंभरातील ९३ माणसे तोट्यात होती, आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर होता. तो हिशेब या नाण्यांचा नव्हे, पण स्वभाव तोच. ९३ जणांना संयम नव्हता आणि सात जण तेवढे साधू होते, असे मला वाटत नाही.

सध्या आमच्याकडे ठरले आहे ते एवढेच: उसन्या पटीचा सौदा नाही, आणि रात्री जेवणानंतर त्याचा मोबाइल माझ्या ज्वारीच्या कोठीवर. पहिले आठ दिवस तो दोनदा उठून पाहून गेला. मी जागीच होते.

भिशीचा एकही हप्ता मी चुकवला नाही, हे सर्वांना माहीत आहे. पण खोटे बोलले, ते आज तुमच्यासमोर कबूल करते. पुढच्या फेरीत माझी उचल येईल, तेव्हा तुमच्यापैकी दोघींनी माझ्याबरोबर हिंगोलीला पत्रे आणायला यावे, एवढी विनंती आहे. टेम्पोचे भाडे मी देईन.