विद्यार्थ्यांचे उपग्रह

मुलगा अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकतो, तास संध्याकाळीं पांचला संपतात आणि तो घरीं येतो रात्रीं साडेदहाला. विचारलें तर सांगतो कीं, उपग्रहाचें काम चाललें होतें. या उत्तरानें सुशिक्षित घरांतील आईबापांना अभिमान वाटण्यापूर्वीं काळजी वाटते, आणि ती अगदींच अनाठायीं म्हणतां येणार नाहीं. परीक्षा तोंडावर आलेली असते. या कामाला बहुधा गुण नसतात. आणि ज्या यंत्रासाठीं तो रात्री जागवितो तें आकाशांत जाईल त्या दिवशीं तो विद्यार्थी म्हणून तेथें असेल, अशी हमी कोणी देत नाहीं. मग हा खटाटोप कशासाठीं?

या प्रश्नाचा विचार करण्यास पुण्याचें उदाहरण सोयीचें आहे. तेथील कॉलेज ऑफ इंजिनियरिंग ही १८५४ सालची जुनी संस्था. संगमाच्या काठीं असल्यामुळें तेथील विद्यार्थ्यांची वर्गाबाहेरची कीर्ति दीर्घकाळ नदीवरच्या नौकाविहाराची होती. २००८ च्या सुमारास कांहीं विद्यार्थ्यांनीं उपग्रह बनविण्याचें मनावर घेतलें. त्याचें नांव 'स्वयं'. तो श्रीहरिकोट्याहून उडाला २२ जून २०१६ रोजीं. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि उपग्रहाला लागलीं सुमारें आठ! ज्यांनीं पहिल्या आकृत्या रेखाटल्या ते तोंवर पदवी घेऊन पांगले होते. ज्यांच्या हातून शेवटची जुळणी झाली ते आरंभाच्या वेळीं शाळेंत होते.

'स्वयं' म्हणजे दहा सेंटिमीटर बाजूचा एक चौकोनी ठोकळा, वजन किलोभर. हें माप पुण्यांत ठरलेलें नाहीं. अमेरिकेंत कॅलिफोर्नियामधील बॉब ट्विग्ज आणि जॉर्डी प्युग-सुआरी या दोन प्राध्यापकांनीं १९९९ सालीं तें सुचविलें. विद्यार्थ्याला शिकत असतांना झेपेल एवढाच उपग्रह असावा, हा त्यांचा हेतु. पुढें जगभर तेंच माप रूढ झालें. ज्या अग्निबाणानें 'स्वयं'ला वर नेलें त्यानें त्या दिवशीं एकंदर वीस उपग्रह नेले. त्यांतील मुख्य कार्टोसॅट सातशें किलोहून जड होता. त्याच्या शेजारीं हा किलोचा सोबती.

एवढ्याशा ठोकळ्यांत दोन गोष्टी साधावयाच्या होत्या. पहिली, अवकाशांत भरकटत फिरणाऱ्या उपग्रहाला एका दिशेनें स्थिर करणें. त्यासाठीं मोटारी किंवा इंधन न वापरतां आंत एक कायमचा लोहचुंबक बसविला. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकत्वाला अनुसरते, तसा सारा उपग्रहच अनुसरावा, ही कल्पना. सुई मात्र स्थिरावण्यापूर्वीं बराच वेळ हेलकावत राहते. तो हेलकावा जिरविण्यासाठीं विशिष्ट धातूच्या बारीक कांड्या लागतात. वीज जवळजवळ खर्चच होत नाहीं. दुसरी गोष्ट, हौशी रेडिओवाल्यांचे संदेश एका ठिकाणीं घेऊन दुसऱ्या ठिकाणीं पोंचविणें.

हें सांगावयास सोपें आहे. पण असा उपग्रह सुमारें दीड तासांत पृथ्वीप्रदक्षिणा करतो. प्रत्येक फेरींत उन्हांतून सावलींत आणि सावलींतून उन्हांत जातो. आपल्या गांवावरून जातांना फार तर दहा मिनिटें ऐकूं येतो. आणि एकदां वर गेल्यावर त्याला हात लावतां येत नाहीं. वर्गांतील प्रयोग चुकला तर पुढच्या आठवड्यांत पुन्हां करतां येतो. येथें एखादा सांधा कच्चा राहिला तर तो तसाच राहतो. म्हणून उड्डाणापूर्वीं यंत्राला हादरे देऊन पाहतात, निर्वात पेटींत तापवितात, थंड करतात. इस्रोचे तज्ज्ञ आराखडा तपासतांना विद्यार्थी म्हणून सूट देत नाहींत, आणि देऊंही नये. एका निष्काळजी ठोकळ्यामुळें इतर उपग्रहांना धोका पोंचूं शकतो.

परंतु सर्वांत अवघड काम यंत्राचें नव्हे, हवालीचें आहे. दरवर्षीं जाणते विद्यार्थी पदवी घेऊन जातात आणि नवखे येतात. अमुक भाग असाच कां बसविला, तमुक पद्धति कां टाकून दिली, हें जाणाऱ्यानें लिहून ठेवलें नाहीं तर येणाऱ्याचें वर्ष तोच शोध पुन्हां लावण्यांत जातें. आपल्याला कधीं न भेटणाऱ्या मुलासाठीं नीट टिपण लिहिणें हें कोणत्याही परीक्षेंत विचारीत नाहींत. तें येथें शिकावेंच लागतें.

मुंबईच्या आय. आय. टी.चा 'प्रथम' हाही याच वाटेनें गेला. २००७ सालची कल्पना २६ सप्टेंबर २०१६ रोजीं फळाला आली. सुमारें दहा किलोच्या या उपग्रहाचें काम वातावरणाच्या वरच्या थरांतील इलेक्ट्रॉनांची मोजदाद करण्याचें होतें. रेडिओलहरी त्या थरांतून येतांना त्यांची पातळी किंचित् फिरते, त्या फिरण्यावरून हा हिशेब निघतो. मात्र त्यासाठीं खालीं ऐकणारे हवेत. म्हणून इतर महाविद्यालयांतही आकाशाकडे कान लावणारीं छोटीं केंद्रें उभारण्याची योजना होती. उपग्रहाच्या वैभवापेक्षां ही योजना अधिक मोलाची वाटते, कारण उपग्रह करण्याची ऐपत सर्वांना नसते. छपरावर एरियल लावणें पुष्कळांना जमतें.

यापूर्वींही असे प्रयत्न झाले होते. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचा चाळीस किलोचा 'अनुसॅट' २००९ सालीं, बंगळूर व हैदराबाद येथील सात महाविद्यालयांचा मिळून 'स्टुडसॅट' २०१० सालीं, कानपूरचा 'जुगनू' २०११ सालीं.

या नामावळीमुळें एक अनिष्टही संभवतें. उडालेल्या उपग्रहांची नांवें छापून येतात. न उडालेल्यांचा कोणी उल्लेख करीत नाहीं. अर्धवट राहिलेल्या कामांतही मुलें तितकींच जागलेलीं असतात. ज्या संस्थेपाशीं धूळविरहित खोली नाहीं, वेळ देणारा अध्यापक नाहीं, तिनें केवळ माहितीपत्रकाच्या शोभेसाठीं असा घाट घालणें म्हणजे मुलांच्या उमेदीच्या वर्षांचा अपव्यय होय. मुलगा उशिरां घरीं येऊं लागला तर पालकांनीं उपग्रह कधीं उडणार हें विचारण्याऐवजीं निराळे प्रश्न विचारावे. त्याच्याकडे नेमका कोणता भाग आहे? त्याचें काम कोण तपासतो? तो गेल्यावर तें कोणाच्या हातीं जाणार? या तिहींचीं उत्तरें त्याला देतां आलीं, तर परीक्षेंत चार गुण कमी पडल्याची हळहळ फार दिवस करूं नये.

'स्वयं' उडाल्यावर पुण्याच्या विद्यार्थ्यांनीं दुसऱ्या उपग्रहाचा आराखडा हातीं घेतला. त्यांत सूर्यप्रकाशाच्या दाबावर चालणाऱ्या शिडाचा प्रयोग योजला होता. चुंबकाची जुनी युक्ति त्याला पुरणारी नव्हती. मोठें शीड लहानशा पेटींत घडी घालून कसें बसवावें आणि वर गेल्यावर न फाटतां तें कसें उलगडावें, येथपासून नव्या तुकडीचा आरंभ झाला.