न सांगता केलेली दुरुस्ती

फाइलींवरचे कंटाळवाणे काम यंत्राने आपोआप करावे, याबद्दल वाद नाही. प्रश्न असा की कोणी काही सांगितलेले नसताना यंत्राने काय करावे, आणि सांगायचे असेल तर ते कुठे लिहावे? माझे मत असे की सूचना नसेल तेव्हा यंत्राने मूळ माहितीला हात लावू नये, आणि सूचना असेल तर ती कामाबरोबरच ठेवावी.

एक्सेलचे उदाहरण घ्या. काही मानवी जनुकांना ‘सेप्ट २’ किंवा ‘मार्च १’ अशी संक्षिप्त नावे होती. साध्या मजकुराची (सीएसव्ही) फाइल उघडताच एक्सेल त्यांची तारीख करून टाकी. तारीख आत दिवसांच्या आकड्याच्या रूपात साठते, त्यामुळे फाइल तशीच जतन केली की मूळ नाव परत मिळत नाही. ही तक्रार २००४ मध्येच शोधनिबंधातून मांडली गेली होती. २०१६ च्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत अशा चुका सापडल्या. अखेर २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलल्याचे जाहीर केले. ‘सेप्ट’चे ‘सेप्टिन’ झाले. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच! हे रूपांतर बंद करण्याची सेटिंग एक्सेलमध्ये आली ती २०२३ मध्ये.

यावर कोणी म्हणेल, बहुतेकांना तारीख हवीच असते. मूठभर शास्त्रज्ञांसाठी सगळ्यांची सोय का मोडावी? पण नुकसान शास्त्रज्ञांपुरते नाही. शून्याने सुरू होणाऱ्या बँक खाते क्रमांकाचे शून्य गळते, सोळा अंकी कार्ड क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. तारीख हवी असलेल्याला ती नंतरही करून घेता येते. गळलेला अंक मात्र कोणत्याही बटणाने परत येत नाही. हे दोन तोटे सारखे नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सेटिंग्ज वाढवल्या तरी त्या उघडतो कोण? खरेच, फार थोडे. म्हणून तर न बदललेली, मुळातली निवडच निर्णायक ठरते, आणि एक्सेलमध्ये ती आजही रूपांतराच्याच बाजूची आहे. शिवाय ही सेटिंग त्या संगणकावरच्या एक्सेलची, फाइलीची नव्हे. तुम्ही ती बंद केलीत, तरी सहकाऱ्याने तीच सीएसव्ही फाइल उघडून जतन केली की नावे बिघडलीच.

सूचना कामाबरोबर ठेवण्याचे जुने उदाहरण आहेच. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी फाइली आपोआप बनवणारा ‘मेक’ हा प्रोग्राम लिहिला, तेव्हा कोणती फाइल कशापासून बनवायची याच्या सूचना ‘मेकफाइल’मध्ये, कामाच्याच फोल्डरात ठेवण्याची रीत पडली. त्यात आज्ञेच्या ओळीच्या सुरुवातीला स्पेसऐवजी टॅबच हवा, हा जाच आहे. पण सूचना सर्वांसमोर असतात. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील ‘पांडाज’ ही तक्ते हाताळणारी लायब्ररीही काही न सांगितल्यास खाते क्रमांकाचे शून्य गाळतेच. मात्र तो स्तंभ मजकूर म्हणून वाचावा, ही सूचना स्क्रिप्टमध्ये एका ओळीत लिहिता येते, आणि स्क्रिप्ट सहकाऱ्याकडे गेली की सूचनाही तिच्याबरोबर जाते.