वजन उतरल्यानंतरची भोवळ
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी, वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्राचा अधिकार माझ्याकडे नाही. तरीही हा विषय मी मागून घेतला. आपल्या परिचयातील काही घरांत आता वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झालेली माणसे आहेत, आणि पुढे वर्ष-दोन वर्षांनी त्यांना भोवळ आली की आपण ‘अशक्तपणा’ म्हणून मोकळे होतो. भोवळीचे खरे कारण या एका शब्दाखाली झाकले जाते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

ही शस्त्रक्रिया वाईट, असे माझे म्हणणे नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपासचा आरंभ केला. तेव्हापासून असंख्य रुग्णांचा मधुमेह, रक्तदाब व सांधेदुखी तिने सुसह्य केली आहे. परंतु शस्त्रक्रियेने देहाचा व्यवहार बदलतो, आणि बदललेल्या व्यवहाराचे नियम घरातल्या सर्वांनी जाणून घेतले पाहिजेत.

निरोगी जठर अन्न साठवून थोडे थोडे आतड्यात सोडते. बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी राखून ती थेट आतड्यास जोडतात. मग गोड वा मैद्याचा पदार्थ झपाट्याने आतड्यात उतरतो आणि रक्तातील साखर एकदम चढते. आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक भरमसाट स्रवते, स्वादुपिंड गरजेपेक्षा अधिक इन्सुलिन सोडते, आणि जेवणानंतर एक ते तीन तासांत साखर घसरते. आपल्या भाषेत सांगायचे तर, आवक चार गाठींची आणि उचल सात गाठींची. गोदाम रिकामे होणारच. जठराची नळी करण्याच्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेनंतरही हे घडू शकते. बहुधा पहिले वर्ष उलटल्यावर हा त्रास सुरू होतो, म्हणून त्याचा शस्त्रक्रियेशी संबंध कोणाच्या ध्यानी येत नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशा सहा रुग्णांचा वृत्तांत २००५ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा वैद्यकीय जगताचे लक्ष या विकाराकडे विशेषत्वाने वेधले गेले.

प्रथम घाम, थरथर, छातीत धडधड आणि अनावर भूक. नंतर दृष्टी अंधुक, बोलणे असंबद्ध, आणि शेवटी शुद्ध हरपणे, असा हा क्रम असतो. आमच्या नात्यातील एका वहिनींची बायपास होऊन दोन वर्षे झाली होती. लग्नाच्या पंगतीत आमरस-पुरी झाली आणि दोन तासांनी त्या घामाघूम होऊन बरळू लागल्या. कोणी तत्परतेने पेलाभर सरबत दिले. त्या सावरल्या, पण तासाभराने पुन्हा तीच अवस्था! कारण सरबतातील साखरेने तेच चक्र नव्याने फिरविले.

मग उपाय काय? शक्य असल्यास त्याच क्षणी ग्लुकोमीटरवर साखर मोजावी. ७० मिलिग्रॅमच्या खाली ती कमी समजतात. ५४ च्या खाली धोका गंभीर. रुग्ण शुद्धीवर व गिळू शकत असेल, तर डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापाने ग्लुकोज द्यावे. सर्वसाधारणपणे ते १५ ग्रॅम, म्हणजे सुमारे तीन चहाचे चमचे असते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. साखर सावरल्यावर थोडे पनीर किंवा मुगाचे धिरडे द्यावे, म्हणजे ती पुन्हा कोसळत नाही. ज्यांना अ‍ॅकार्बोज हे औषध चालू आहे, त्यांना घरातली साखर लवकर लागू पडत नाही. त्यांच्याजवळ ग्लुकोजच हवे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणीदेखील घालू नये. कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

रोजच्या आहारात प्रथम डाळ-पनीर, मग भाजी, शेवटी थोडी भाकरी; जेवण लहान व अनेक वेळा; पाणी जेवणासोबत नव्हे, अर्ध्या तासाच्या अंतराने. बहुतेकांना एवढ्याने बराच उतार पडतो.

मात्र प्रत्येक भोवळ साखरेची नसते. वजन उतरूनही रक्तदाबाची वा मधुमेहाची जुनी मात्रा तशीच चालू राहणे, अंगातील पाणी कमी होणे, लोह व बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, हीही कारणे असतात. म्हणून भोवळ केव्हा आली, आधी काय खाल्ले होते आणि साखर किती होती, याची वहीत नोंद ठेवून ती डॉक्टरांना दाखवावी. हिशेबाची वही खोटे बोलत नाही.

आता आपल्या आचाराशी निगडित गोष्ट. हा विकार मुख्यतः खाल्ल्यानंतरचा आहे. त्यामुळे अशा व्यक्तीच्या बाबतीत तपाइतकीच पारण्याची काळजी घ्यावी लागते. वर्षीतपाच्या पारण्याला रिकाम्या पोटी घेतलेला उसाचा रस तिला धोक्याचा ठरू शकतो. उलट, उपवासातच साखर उतरत असेल, तर कारण वेगळे असू शकते व त्याची स्वतंत्र तपासणी हवी. तपाचा वा चौविहाराचा नियम घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि तो गुरुमहाराजांच्या कानी घालावा. प्रत्याख्यानात आगारांची व्यवस्था शास्त्रकारांनी दूरदृष्टीनेच केली आहे.

शेवटी एक विनंती. स्वामीवात्सल्यात आपण प्रेमाने आग्रह करतो, आणि ताटात टाकायचे नाही ही आपली शिकवण. मग भिडेपोटी वाढलेली जिलेबी पोटात जाते. यापुढे एखाद्याने ‘पुरे’ म्हणत ताटावर हात आडवा धरला, तर वाढप्याने पुढे सरकावे. त्या घटकेला आग्रह न करणे हेच वात्सल्य होय.

जय जिनेंद्र!