बिनराखणीच्या सुविधा : ठेवाव्यात की काढाव्यात?

ज्या संगणकीय आज्ञावलीची मूळ संहिता सर्वांस वाचावयास, वापरावयास आणि सुधारावयास खुली असते, तिला मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात. शाळा, कार्यालये व दवाखाने यांतील पुष्कळ कामे आज अशा आज्ञावल्यांवर चालतात. जगभरातील अनेक माणसे, काही पगारावर तर काही केवळ हौसेने, त्या उभ्या करतात. परंतु माणसे येतात तशी जातातही. एखादी सुविधा ज्याने घडविली तो निघून जातो, दुसरा कोणी ती हाती घेत नाही, आणि प्रश्न उभा राहतो : ही सुविधा ठेवावी की काढून टाकावी?

गोव्यातील खाजन शेती ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना हा प्रश्न नवा वाटणार नाही. बांधातील मानशीचे दार कुजले, तर भरतीचे खारे पाणी एकाच्याच नव्हे, सर्वांच्या शेतात शिरते. ‘आजवर काही झाले नाही’ एवढ्यावर कुजके दार तसेच ठेवणे शहाणपणाचे नसते.

संगणकाच्या क्षेत्रातही असेच घडले आहे. एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक चालविणारी क्यूईमू नावाची मुक्तस्रोत आज्ञावली आहे. तीत जुन्या फ्लॉपी तबकडीसाठी लिहिलेला एक भाग होता. फ्लॉपी व्यवहारातून जवळजवळ नाहीशी झाली, तरी तो भाग राहिला. त्यात २००४ पासून दडलेला एक दोष मे २०१५ मध्ये उघडकीस आला. त्याचा आधार घेऊन एका आभासी संगणकातून मूळ यंत्रात शिरकाव करता येणे शक्य होते. ज्यांनी कधी फ्लॉपी वापरली नाही, त्यांनाही हा धोका होता. ‘व्हेनम’ या नावाने तो प्रसिद्ध आहे.

धोक्याखेरीज दुसरा भार श्रमांचा असतो. आज्ञावलीच्या गाभ्यात एक बदल केला की त्याला जोडलेले सर्व भाग त्याप्रमाणे बदलावे लागतात. ज्या भागाला राखणदार नाही, त्याचे काम इतरांच्या अंगावर पडते. आणि ते तपासून पाहण्यास लागणारे यंत्र बहुधा त्यांच्याजवळ नसते.

असे असले तरी, राखणदार नाही म्हणजे वापरणाराही नाही, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. म्हणूनच काढण्याची रीत महत्त्वाची आहे. या बाबतीत लिनक्सच्या गाभ्याची तीन उदाहरणे उद्‌बोधक आहेत.

पहिले उदाहरण रायझर-एफएस या माहिती साठविण्याच्या पद्धतीचे. २००१ मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. २०२२ मध्ये ती कालबाह्य ठरविण्यात आली आणि २०२५ मध्ये काढण्यात येईल, असे तेव्हाच जाहीर झाले. वापरणाऱ्यांना आपली माहिती अन्यत्र हलविण्यास सुमारे तीन वर्षे मिळाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६.१३ या आवृत्तीत ती उरली नाही.

दुसरे उदाहरण इटॅनियम प्रक्रियकाचे. तो २००१ मध्ये बाजारात आला. २०२१ मध्ये त्याचा पुरवठा थांबला. त्याच वर्षी लिनक्सच्या नोंदीत त्या विभागापुढे ‘अनाथ’ असा शेरा पडला. जानेवारी २०२४ च्या ६.७ या आवृत्तीतून तो विभाग काढण्यात आला. थोडे वापरणारे शिल्लक होते. त्यांनी हरकत घेतली. लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांनी त्यांच्यासाठी दार पूर्ण बंद केले नाही. वर्षभर कोणी हा विभाग बाहेर राहून नेटाने सांभाळून दाखवील, तर तो परत घेण्याचा विचार होऊ शकेल, अशी त्यांची भूमिका होती. मुक्तस्रोतात काढलेली संहिताही इतिहासाच्या नोंदीत सुरक्षित राहते, म्हणून हे शक्य होते.

तिसरे उदाहरण ३८६ प्रक्रियकाचे. १९९१ मध्ये लिनक्सचा जन्म ज्या जातीच्या प्रक्रियकावर झाला, त्याचाच आधार फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ या आवृत्तीपासून काढण्यात आला. जुन्या नात्यापेक्षा देखभालीचा भार अधिक मोलाचा मानला गेला.

यावरून निर्णयाच्या कसोट्या स्पष्ट होतात. सुविधेला राखणदार आहे का? ती ठेवल्याने इतरांस धोका वा भार होतो का? वापरणाऱ्यांना पर्याय आहे का? त्यांना वेळेवर सूचना व पुरेसा अवधी मिळाला का? कोणी सांभाळण्यास पुढे आल्यास परतीची वाट आहे का? या प्रश्नांची उत्तरे घेतल्यावाचून केलेली सफाई अन्यायाची होते. आणि उत्तरे मिळाल्यावरही केवळ संकोचापोटी ती टाळणे हा निष्काळजीपणा होय.

मात्र सूचना निघते तेव्हा ती वाचणारे कोण असतात? बहुधा जाणकारच. जुन्या संगणकांवर मुले शिकविणारा खेड्यातील शिक्षक त्यांत क्वचितच असतो. डेबियन या मुक्तस्रोत प्रणालीच्या ऑगस्ट २०२५ मधील तेराव्या आवृत्तीत जुन्या ३२-बिट संगणकांवर ती नव्याने बसविण्याची सोय राहिली नाही. ज्या शाळेत असे संगणक आहेत, तेथे ही गोष्ट ऐनवेळी कळणे हितावह नव्हे.

तेव्हा शाळांनी व कार्यालयांनी आपल्याकडील यंत्रे आणि आज्ञावल्या यांची एक नोंदवही ठेवावी. नवी आवृत्ती घेण्यापूर्वी तिच्यासोबतचे निवेदन जाणत्या व्यक्तीकडून वाचून घ्यावे. एखादी सुविधा जाणार असल्यास आपली गरज संबंधितांस वेळीच कळवावी, आणि माहितीची प्रत अन्यत्र काढून ठेवावी. ज्या तरुणांना संहिता लिहिता येते, त्यांनी एखाद्या अनाथ भागाची राखण अंगावर घ्यावी. बांध सर्वांचा असला तरी त्यावर माती टाकावयास कोणीतरी जावेच लागते.