सुट्टीत कुठं जायचं? सकाळी निघून संध्याकाळी घरी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच, थोडी काटछाट करून दिलं आहे.)



मला सुचवण्यात आलं होतं की, काका, तुम्ही आरोग्यावर बोला. मी म्हटलं, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या माणसाने आरोग्यावर बोलणं म्हणजे थकबाकीदाराने वसुलीवर व्याख्यान देणं. त्यापेक्षा सहलींवर बोलतो. त्यात माझा अनुभव आहे, आणि चुकाही भरपूर आहेत.

बँकेतल्या माणसाला एलएफसी नावाची सवलत असते. सहकुटुंब प्रवासाचं भाडं बँक देते. आता भाडं बँकच देणार म्हटल्यावर माणूस जवळ कशाला जाईल? आम्ही काश्मीर केलं, उटी-कोडाईकनाल केलं, कन्याकुमारी केली. नैनितालला गेलो, तिथं तलावात बोटीत बसलो. बोटवाला घड्याळ बघून वल्ही मारत होता आणि मी घड्याळ बघून पैसे मोजत होतो. आणि हे सगळं चालू असताना माझी नोकरी कुठं होती, तर जिंतूरला. तीन वर्षं. तिथून पंधराएक किलोमीटरवर येलदरीचं धरण. कर्जाच्या पाहणीसाठी मी त्या बाजूच्या गावांना कितीदा गेलो असेन. विहिरी मोजल्या, म्हशी मोजल्या, इंजिनांचे नंबर लिहून घेतले. कुटुंबाला घेऊन धरणावर मात्र एकदाही गेलो नाही. ही म्हणायची, जाऊ या ना एखाद्या रविवारी. मी म्हणायचो, मार्च एंड होऊ दे. बँकेतला मार्च एंड कधी संपत नाही, हे इथं बसलेल्या बँकवाल्यांना माहीत आहे.

याची आठवण मला झाली ती अमेरिकेत. २०१७ साली आम्ही दोघं मुलाकडे मिशिगनला तीन महिने होतो. मिशिगन हे राज्य पाण्यानं वेढलेलं आहे. अमेरिकेची जी पाच मोठी सरोवरं, त्यातली चार या राज्याला लागून आहेत. शिवाय आत लहान-मोठे तलाव अकरा हजारांच्या वर. मिशिगन सरोवर तर लांबीला जवळपास पाचशे किलोमीटर. काठावर उभं राहिलं की पलीकडचं काही दिसत नाही, लाटा येतात, वाळू आहे, सगळा समुद्राचा थाट. मी हळूच ओंजळभर पाणी तोंडात घेऊन बघितलं. गोड! आपल्या गोदावरीसारखं गोड.

त्या राज्याच्या मुख्य भागाचा नकाशा हाताच्या पंजासारखा आहे. तिथली माणसं तुम्ही कुठले म्हणून विचारलं की तळहात पुढं करतात आणि बोट ठेवून गाव दाखवतात. माझी नात तेव्हा नऊ वर्षांची. तिनं मला तळहातावर तिचं घर दाखवलं, शाळा दाखवली, मुलानं कुठं कुठं फिरवून आणलं ते दाखवलं. उत्तरेला मॅकिनॅक नावाचं बेट आहे, तिथं १८९८ पासून मोटारगाड्यांना बंदी. सगळी वाहतूक घोड्याच्या गाड्यांची. आम्ही त्या गाडीत बसलो, भाडं डॉलरमध्ये. मी हिला म्हटलं, आपल्या परभणी स्टेशनवरचे टांगे बंद झाले आणि आपण टांग्यात बसायला सातासमुद्रापार आलो. मिशिगन सरोवराच्या काठी वाळूचे प्रचंड डोंगर आहेत, त्यांना झोपलेल्या अस्वलाच्या टेकड्या म्हणतात. तिथल्या मूळ रहिवाशांची कथा अशी की, वणव्यातून जीव वाचवायला एक अस्वलीण दोन पिलांना घेऊन सरोवर पोहून आली. ती काठाला लागली, पिलं मागं बुडाली. ती वाट बघत बसली, तिची टेकडी झाली. पिलांची दोन बेटं झाली. ही कथा तिथं पाटीवर लिहिलेली आहे. शेजारी बाक आहे, बसून वाचा. पलीकडे स्वच्छतागृह आहे. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, मी परत त्यावर येणार आहे.

तर एके दिवशी नातीनं विचारलं, "आजोबा, तुमच्याकडे लेक आहे का?" मी म्हटलं, "नाही गं. परभणीत बघण्यासारखं काय आहे!" बोलून गेलो. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "येलदरी काय आहे मग?" मी गप्प.

मंडळी, आपण सगळे हेच करतो. जगात जर्मनी, भारतात परभणी असं छाती फुगवून म्हणतो, आणि पाहुणा आला की म्हणतो, इथं काही नाही, औरंगाबादला जा, वेरूळ बघा. मुलांनाही लहानपणापासून हेच ऐकवलं. मग ती मुलं पुण्याहून, बेंगलोरहून, अमेरिकेहून दोन आठवड्यांसाठी येतात आणि आपल्या वाट्याला दोन दिवस येतात. बाकीचे दिवस महाबळेश्वर. चूक त्यांची नाही. इथं काही नाही हे त्यांना आपणच सांगितलेलं आहे.

गेल्या डिसेंबरात नात आली तेव्हा मी ठरवूनच बसलो होतो. पहिला दिवस येलदरी.

येलदरी पूर्णा नदीवर आहे. धरण १९६८ साली पूर्ण झालं. पायथ्याशी वीजघर आहे, साडेबावीस मेगावॅटचं. वीज करून सोडलेलं पाणी खाली सिद्धेश्वरच्या धरणात अडवतात आणि तिथून कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेड या तिन्ही जिल्ह्यांत जातं. आपल्या नळाला चार-आठ दिवसांनी जे पाणी येतं, ज्यासाठी आपण चेअरमनशी भांडतो, ते याच येलदरीचं. नातीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आपण हा लेक पितो?" मी म्हटलं, हो, पितो. या पाण्याखाली गावं गेली, लोकांची घरं-शेतं गेली, तेही सांगितलं. ती बराच वेळ पाण्याकडे बघत उभी होती. नैनितालच्या तलावापेक्षा हे पाणी कितीतरी पटीनं मोठं आहे. बोटवाला मात्र नाही, त्यामुळं घड्याळ बघायचं काम नाही.

सूचना एकच. पाण्यात उतरायचं नाही. काठाचा गाळ फसवा असतो आणि खोली कळत नाही. भिंतीवर जाऊ देतात का ते पहारेकऱ्याला विचारायचं, नाही म्हटलं तर वाद घालायचा नाही.

आता सर्वात महत्त्वाचं, म्हणजे महिना. आपली सुट्टीची कल्पना मे महिन्याची. शाळा मे मध्ये बंद, म्हणून सहल मे मध्ये. पण मे मध्ये परभणीत पारा चव्वेचाळीसवर, धरणात पाणी तळाला. मिशिगनचं सरोवर बारा महिने भरलेलं असतं, आपलं पाणी पावसावर. पाऊस झाला तर आहे, नाही झाला तर तिथं भेगाळलेली माती बघायला मिळते, तीही मी बघितलेली आहे. तेव्हा आपल्या भागाची खरी सुट्टी दिवाळीत सुरू होते. पाऊस चांगला झाला असेल तर ऑक्टोबर ते जानेवारी पाणी आहे, ज्वारी-हरभऱ्याचं हिरवं रान आहे, ऊन सोसवतं. बाहेरगावच्या मुलांना आतापासून फोन करा की डिसेंबरात या. मे मध्ये येऊन कूलरपुढं बसायचं आणि परभणीला नावं ठेवायची, हे बंद करू.

दुसरा दिवस लोणार. हे बुलढाणा जिल्ह्यात, पण आपल्याला जिंतूर-मंठा रस्त्यानं सोयीचं. उल्का आदळून बेसाल्ट खडकात पडलेलं विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. वयाबद्दल शास्त्रज्ञांचे आकडे पन्नास हजार वर्षांपासून पाच लाख सत्तर हजारांपर्यंत जातात. आमच्या बँकेत एवढा फरक पडला असता तर इन्स्पेक्शन लागलं असतं. तळ्याचं पाणी खारं आणि काठाजवळ धार पडते ती गोड्या पाण्याची. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं होतं, ते खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळं. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला रामसर यादीत स्थान मिळालं. गुडघेवाल्यांनी खाली उतरायच्या फंदात पडू नये. वरून कडेनं पूर्ण वर्तुळ दिसतं, तेवढंच पुरे. आणि गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर बघितल्याशिवाय निघू नका. बाहेरच्या भिंतीवर दगडात किती काम केलंय ते बघायला मान वर करून अर्धा तास लागतो. माझी मान दोन दिवस दुखली, पण ते वेगळं.

याच रस्त्यावर जिंतूरच्या पुढं चारठाणा लागतं. यादवकालीन मंदिरं, उंच दगडी स्तंभ, बारव. मी त्या गावावरून एसटीनं शंभर वेळा गेलो असेन, खिडकीतून बाहेर सुद्धा बघितलं नाही. या खेपेला उतरलो. एक म्हातारबुवा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "कुठून आलाव?" म्हटलं, परभणीहून. "बघायला आलाव?" म्हटलं, हो. "परभणीचं माणूस बघायला येत नाही कधी. पुण्याचे येतेत." मी काय बोलणार? त्यांनी मग काठी टेकत टेकत आम्हाला सगळं फिरवून दाखवलं. पैसे देऊ लागलो तर घेतले नाहीत.

बारवांचं निघालंच आहे तर सेलू तालुक्यातलं वालूर. तिथली बारव गोल आहे आणि पायऱ्या शंखासारख्या फिरत खाली जातात. गाळ-कचऱ्यानं बुजलेली होती, गावकऱ्यांनी श्रमदान करून मोकळी केली. आपल्या सोसायटीत टाकी धुवायला चार माणसं जमत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितलं. पिंगळीची बारव तर आपल्या शहराच्या उंबऱ्यावर आहे. संध्याकाळचा चहा घेऊन निघालात तरी बघून होते.

औंढा नागनाथ सगळ्यांचं झालेलं आहे. आपल्या सोसायटीची नोंदणी झाली त्याच वर्षी, १ मे १९९९ ला, हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि औंढा कागदावर आपल्यातून गेलं. तरी झिरो फाट्यावर चहा घेऊन तिकडं जाणं काही थांबलं नाही. पण आपण दर्शन घेतो आणि निघतो. पुढच्या वेळी मंदिराभोवती सावकाश एक फेरी मारा. खालचा भाग कोरीव दगडाचा जुना, वरचा नंतर बांधलेला, हे सरळ दिसतं. नंदी मागच्या बाजूला का, तर नामदेवांना कीर्तनाला मागं पाठवलं आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा नातवंडांना तिथं उभं राहून सांगा. अस्वलिणीच्या कथेपेक्षा ती कमी नाही. फक्त आपल्याकडे पाटी वाचायला मिळेल असं धरून चालू नका. पाटी आपणच व्हायचं.

गोदाकाठाला वेगळा दिवस द्या. गंगाखेडला जनाबाई, धारासुरला गुप्तेश्वर, मुद्गलला तर नदीच्या पात्रातच देऊळ आहे, पूर आला की पाण्यात जातं. तिकडं माझं अजून नीट फिरणं झालेलं नाही, म्हणून जास्त सांगत नाही. जिंतूरचं नेमगिरीही राहिलंय, तिथं छोट्याशा दगडावर तोलून असलेली पार्श्वनाथांची मोठी मूर्ती आहे. पायऱ्या आहेत, म्हणून आमचं राहिलंय.

आता तो मघाचा मुद्दा. आमच्या या सहलीत एक ठिकाण असं होतं, नाव घेत नाही, की जिथं स्त्रियांसाठी सोय नव्हती. म्हणजे खोली होती, कुलूप होतं, किल्ली कुणाकडे आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं. हिला हे आधीच माहीत असल्यासारखी ती सकाळपासून पाणीच पीत नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, तहान नाही. घरी आल्यावर तीन दिवस लघवीच्या जळजळीनं आणि तापानं पडून होती. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पडलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, पस्तीस वर्षांपूर्वी मी रविवारी नाही म्हणायचो, आणि गेलो असतो तरी तिला दिवसभर तहान मारावीच लागली असती. इथं बसलेल्या किती भगिनी प्रवासात पाणी पीत नाहीत? हात वर करू नका, मला दिसतंय.

म्हणून मी एक वही केली आहे. जुनी सवय. त्यात प्रत्येक ठिकाणापर्यंतचा रस्ता, किती वाजता कुठं पोचायचं, जेवण कुठं, आणि लाल शाईनं कुठल्या हॉटेलात, कुठल्या पेट्रोल पंपावर, कुठल्या बसस्थानकात स्वच्छ सोय आहे ते लिहिलंय. लिहिण्याआधी प्रत्येक ठिकाणी हिला आत पाठवून खात्री केली आहे. तिनं नापास केलेली नावं खोडली आहेत, आणि ती निम्मी आहेत.

नात जाताना त्या वहीच्या शेवटच्या पानावर आपला पंजा ठेवून पेन्सिलीनं आकार काढून गेली. मनगटापाशी परभणी, बोटांच्या टोकांना येलदरी, लोणार, वालूर, औंढा. दिशा सगळ्या चुकल्यात. मी दुरुस्त केलेल्या नाहीत.

तर सोसायटीची पहिली सहल डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी. चारठाणा, लोणार आणि परत. मिनी बस, गेटवरून सकाळी साडेसहाला म्हणजे साडेसहाला. वर्गणी सेक्रेटरींकडे रोख द्यावी, पावती मिळेल. दशम्या, धपाटे, ठेचा ज्याचा त्यानं आणावा, आमची ही शेंगदाण्याची चटणी सगळ्यांसाठी करणार आहे. पुढच्या दोन सीटा गुडघेवाल्यांसाठी राखीव आहेत, त्यातली एक माझी. थांबे लाल शाईनं ठरलेले आहेत, तेव्हा भगिनींनी पाण्याची बाटली भरून आणावी आणि ती संपवावी.